केसपेपरवरची कंबर

विमा कंपनीचं तिसरं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून जेवत होते. धाकटीने ते बाहेरून आणून दिलं. उष्टा हात तसाच ठेवून मी डाव्या हाताने पाकीट फाडलं आणि उभ्या उभ्याच वाचलं. पहिल्या दोन पत्रांसारखंच होतं. वर आभार, खाली दिलगिरी आणि मध्ये कुठेतरी नकार, तोही इतका सभ्य की पहिल्यांदा वाचताना मंजुरीच आली असं वाटावं. मी ते घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवलं आणि उरलेला भात संपवला. रडू आलं नाही. रडायलासुद्धा माणसाला जरा टेकावं लागतं.

उभ्याने जेवायला लागून तेव्हा मला नऊ वर्षं होत आली होती. मी विरारच्या एका मराठी शाळेत शिक्षिका होते आणि राहायला नंदाखालला, सासरच्या वाडीत. घरात सासूबाई, हे, मी आणि दोन मुली. हे बोरिवलीला बँकेत. केळी आणि नारळ दुसऱ्याला करायला दिले होते, पण मोगरा सासूबाईंनी स्वतःच्या हातात ठेवला होता. रोज दुपारी ओटीवर कळ्यांची टोपली यायची आणि सासूबाई, शेजारच्या दोघीतिघी अशा मांडी घालून गजरे ओवायला बसायच्या. लग्नानंतर पहिली काही वर्षं मीही शाळेतून आले की त्यांच्यात बसत असे. माझं माहेर दादरचं. मला गजरा माळता येत होता, ओवता येत नव्हता. तो मी त्या ओटीवर शिकले.

दुखणं सुरू झालं ते धाकटीच्या बाळंतपणानंतर. अडलेलं बाळंतपण, दीड दिवस कळा, शेवटी चिमटा लावून काढलेली मुलगी. मुलगी ठणठणीत निघाली, मी मात्र बिघडले. कुठे दुखायचं ते सरळच सांगते, कारण न सांगण्यातच आठ वर्षं गेली. दुखायचं ते दोन मांड्यांच्या मध्ये, आत, बाई जिथे जमिनीला टेकते नेमकं तिथे. बसलं की निखाऱ्यावर बसल्यासारखी आग व्हायची. उभं राहिलं की उतरायची, सगळी नाही, पण चार माणसांत वावरता येईल इतकी. निजायचं तर एका कुशीवर. हळूहळू मी बसणंच सोडून दिलं. वह्या तपासायच्या त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, भाजी चिरायची ती ओट्याशी, वर्तमानपत्र वाचायचं ते दाराला खांदा लावून. रिक्षाचे धक्के सोसायचे नाहीत म्हणून विरारला एसटीने जायचं, तेही उभ्याने. शाळेत एका सभेत मुख्याध्यापिका म्हणाल्या, "या बाईंकडून शिका, वर्गात कधी खुर्चीला टेकत नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दुसरं काय करणार?

आमच्या घरात एक रीत होती. बाई डॉक्टरकडे गेली की तिच्याबरोबर घरातली मोठी बाई जायची आणि दुखणं मोठीने सांगायचं. जिला दुखतंय तिने जीभ दाखवायची, मनगट पुढे करायचं आणि काही विचारलं तर मान हलवायची. आसपासच्या जुन्या घरांतही असंच चालायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नवी नवरी असताना मला त्याचं हसू यायचं. नंतर सवय झाली. थकलेल्या माणसाला आपल्या वतीने दुसरं कुणी बोललं तर बरंच वाटतं, हेही कबूल करायला हवं.

धाकटी तीन महिन्यांची झाली तरी मला टेकता येईना, तेव्हा सासूबाई मला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर वयस्क होते, साऱ्या गावाचे होते, सासूबाईंना बहीण मानायचे. मी आदल्या दिवशी न्हाणीघरात सासूबाईंना सगळं सांगितलं होतं. कुठे दुखतं, कसं दुखतं, काहीही आडपडदा न ठेवता. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे त्यांनाच विचारलं, "काय होतंय हिला?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दारातल्या कंपाउंडरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कंबर धरलेय तिची."

डॉक्टरांनी मान खाली घालून केसपेपरवर 'कंबरदुखी' लिहिलं. मी मान हलवली. घरी येताना मी नुसतं "आई, कंबर नाही हो," म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गोळी पोटातच जाते ना, तिला कळेल कटे दुखते ते."

गोळीला कळलं नाही. आणि कागदावर एकदा बसलेली कंबर तिथून काही केल्या उठेना. पुढचा डॉक्टर आधीच्याचा कागद बघायचा आणि तिथून पुढे सुरू करायचा. पापडीच्या डॉक्टरांनी कमरेचे फोटो काढले, ते स्वच्छ निघाले, तेव्हा त्यांनी पट्टा दिला. वसईला पंधरा दिवस कमरेला वजनं लावून झोपवलं. तुळिंजच्या एका मालिशवाल्याकडे जाऊन महिनाभर तेल चोळून घेतलं. शेक, गोळ्या, इंजेक्शनं, सगळं झालं, आणि सगळं झालं ते माझ्या निरपराध कमरेला. ती बिचारी मुळात धडधाकट होती, ती या उपचारांनी थोडी दुखायला लागली.

सगळा दोष सासूबाईंवर ढकलला तर सोपं जाईल, पण खरं नाही ते. पाचव्या वर्षी मी बोरिवलीला एका डॉक्टरांकडे एकटी गेले होते. बरोबर कुणी नव्हतं, दार बंद होतं, ओळखीचं कुणी भेटायची भीती नव्हती. माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे डॉक्टर, त्यांनी पेन उचलून विचारलं, "कुठे दुखतं?" आणि मी, बी. ए., डी. एड. झालेली, चाळीस पोरांना शरीराचे अवयव फळ्यावर काढून शिकवणारी बाई, म्हणाले, "कंबर." बाहेर येऊन मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. तो कागदही फाइलला लागला.

फाइलचं सांगायला हवं. आमचे हे बँकेतले. कागद हरवणं हे त्यांच्या लेखी पाप. नऊ वर्षांतला एकेक केसपेपर, फोटो, औषधाचं बिल त्यांनी भोकं पाडून, तारखेप्रमाणे लावून ठेवलं होतं. वर एक अनुक्रमणिका, स्वच्छ अक्षरात. स्कूटरची जुनी ट्यूब फुगवून मला बसायला कडं करून देणारेही तेच होते. त्या ट्यूबला सासूबाईंनी फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवली होती. त्या कड्यावर मी जेमतेम दहा मिनिटं बसू शकायचे, आणि तेवढी दहा मिनिटं हे समोर अपराध्यासारखे उभे असायचे. वाईट माणसं नव्हती हो ही. घरात माझ्यासाठी सगळे सगळं करत होते, फक्त दुखणं कुठे आहे ते कुणी बोलत नव्हतं.

ते बाहेर आलं ते अगदी अचानक. मुंबईच्या एका इस्पितळात मोठीच्या कानासाठी गेलो होतो. नंबर यायला तीन तास लागले. बाकं रिकामी होत गेली तरी मी भिंतीशी उभीच. समोरच्या खोलीतल्या एक स्त्री-डॉक्टर येता-जाता मला बघत होत्या. शेवटी जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "ताई, तुम्ही बसत का नाही?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. सगळे कुठे दुखतं ते विचारायचे. मी त्यांना त्या बोळातच सगळं सांगून टाकलं, आणि सांगताना लाज वाटायच्या ऐवजी खूप दमल्यासारखं वाटलं.

त्यांनी मला त्याच इस्पितळातल्या, नुसत्या जुनाट दुखण्यांवर इलाज करणाऱ्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि मला तपासलं. तिथली एक नस बाळंतपणात ताणली गेली होती, चिरडली गेली होती, आणि आठ वर्षं ती उगाच बोंब मारत होती. वर्षभर गोळ्या झाल्या, त्या नसेजवळ इंजेक्शनं झाली. थोडा फरक पडायचा आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग ते म्हणाले, एक यंत्र असतं. माकडहाडाच्या वरच्या हाडातून एक बारीक तार नसेपाशी सोडायची, आणि घड्याळाएवढी बॅटरी कुल्ल्याच्या वरच्या बाजूला कातडीखाली बसवायची. ती तार नसेला सतत हलक्या मुंग्या आणत राहते, मग दुखण्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचत नाही. आधी आठवडाभर नुसती तार घालून, बॅटरी बाहेर ठेवून बघायचं. गुण आला तरच कायमचं.

त्या आठवड्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. तिसऱ्या दिवशी घरी आले. दुखणं गेलं नव्हतं, पण लांब गेलं होतं, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसं. दुपारी मी ओटीवर गेले आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. मांडी नाही, एक पाय दुमडून. टोपली मध्ये होती. ओवणाऱ्या बायकांनी सरकून जागा केली. सासूबाईंनी सुईत दोरा ओवला आणि माझ्याकडे सरकवला. मी दोन गजरे केले. दोन्ही वाकडे झाले. नऊ वर्षांत हात विसरले होते.

आठव्या दिवशी तार काढली. त्या संध्याकाळी आग परत आली, पहिल्यासारखीच, तसूभरही कमी नाही. आधी मी ती सहन करत होते कारण दुसरं काही आठवतच नव्हतं. आता आठवत होतं. म्हणून त्यानंतरचे महिने मला आधीच्या नऊ वर्षांपेक्षा जड गेले.

यंत्र परदेशातून यायचं. त्याची किंमत ऐकून हे पाणी प्यायला उठले. वाडीचा तुकडा विकावा म्हटलं तर सातबाऱ्यावर तीन भावांची आणि दोन आत्यांची नावं. उरला विमा. लग्न झालं त्याच वर्षी यांच्या एका शाळासोबत्याने, जो विम्याचा एजंट होता, आम्हा दोघांची आजारपणाची पॉलिसी काढली होती, आणि पुढे ती वाढवत नेली होती. हप्ता कधी चुकला नाही. एजंट घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा. दुखण्याच्या आधीची पॉलिसी, वर कागद असे चोख. अशी फाइल मी जन्मात बघितली नाही."

ती चोख फाइल आम्ही मोठ्या अभिमानाने जशीच्या तशी पाठवून दिली. आमच्याइतके शहाणे आम्हीच.

विमा कंपनीने मध्ये कागद तपासायला आणखी एक कंपनी नेमली होती. ही म्हणायची तिला विचारा, ती म्हणायची हिला विचारा. पहिल्या पत्रात त्यांनी आणखी कागद मागितले. दुसऱ्यात लिहिलं की हे यंत्र ओटीपोटाच्या खालच्या नसांच्या जुनाट दुखण्यासाठी मागितलं आहे, पण पेशंटच्या कागदांत आठ वर्षं फक्त कंबरदुखी दिसते, आणि सांगितलेलं दुखणं केवळ एका वर्षाचं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी खरमरीत पत्र दिलं. तिसऱ्या पत्रात कंपनीने डॉक्टरांच्या मताचा आदर केला आणि म्हटलं, आम्ही त्या त्या वेळच्या नोंदी बघतो. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. समोर आठ वर्षांचे पंधरा-सोळा कागद, आणि प्रत्येकावर कंबर. मी तिथे नोकरीला असते तर मीही हेच लिहिलं असतं.

तेच ते डाळीच्या डब्याखालचं पत्र. त्यात शेवटी एक ओळ होती, की तक्रार असल्यास समक्ष भेटता येईल. एजंट म्हणाला, "वहिनी, गावातल्या डॉक्टरांकडून लिहून आणा, की तेव्हा चुकून कंबर लिहिलं. पहिला कागद त्यांचा आहे, तो फिरला तर पुढचे फिरतील."

मी गेले. या वेळी एकटी. डॉक्टरांनी दवाखाना मुलाकडे सोपवला होता, पण सकाळी तासभर येऊन बसत. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "मला जे सांगितलं ते मी लिहिलं," ते म्हणाले. "आता नऊ वर्षांनी त्यात खाडाखोड कशी करू, पोरी? सही माझी आहे." मी उठायला, म्हणजे उभी होतेच, निघायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "मी तेव्हा तुला विचारायला हवं होतं. आता मी काय सांगणार? ज्याने सांगितलं त्या माणसाला घेऊन जा."

हे घरी आल्यावर मी सांगितलं. ते बराच वेळ बूट सोडत राहिले. मग म्हणाले, "आईला हे मी कसं विचारू?" त्यांना विचारता येणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. अडला हरी म्हणतात तसं, मलाच जाणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका यायच्या आधी मी ओटीवर गेले. सासूबाई कळ्या निवडत होत्या. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, "आई, मुंबईला साहेबांसमोर यावं लागेल तुम्हाला. त्या दिवशी डॉक्टरांना कंबर सांगितलं, पण मी तुम्हाला काय सांगितलं होतं, ते तिथे बोलावं लागेल."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मना नाय आठवत," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला आठवतंय."

"परक्या पुरुषांमोरं बोलायचं वय हाय का माझं? आनि काय बोलू? तुझ्या नवऱ्याला सांग, दुसरं काय तरी कर म्हनून."

मला राग आला, भयंकर आला. इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही, पण म्हटलं, "आई, मूठ तुमची झाकली राहिली. आत मी होते." आणि आत निघून आले. पुढचे चार दिवस आम्ही एकमेकींशी भाताला किती तांदूळ घालायचे याच्यापलीकडे बोललो नाही.

पाचव्या दिवशी रविवार होता. दुपारी सगळ्यांची पानं मांडली होती. मी ओट्याशी माझं ताट घेतलं, तर धाकटीही आपलं ताट उचलून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिची ही जुनी खोड. शाळेतून आली की आम्ही दोघी ओट्याशी उभ्यानेच जेवायचो, सासूबाई त्या वेळी फुलांच्या कामात असायच्या, त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"पाटावर बस की ग," सासूबाई म्हणाल्या.

"आई उभी असते ना," धाकटी म्हणाली. "माझ्यामुळेच झालंय तिला. मी बसून कशी जेवू?"

हे तिला कुणी सांगितलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. घरात आम्ही इतकं जपून बोलायचो. पण न बोललेलंच पोरांना आधी ऐकू येतं. यांनी मान खाली घातली. सासूबाई पानावरून उठल्या, धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हात धुवायला मागीलदारी गेल्या. त्यांचं पान तसंच राहिलं. संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून बाहेरगावी जायचं लुगडं काढून दोरीवर टाकलं आणि मला विचारलं, "कवा जायचं?"

विमा कंपनीची ती कचेरी चर्चगेटजवळ दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, पलीकडे दोन साहेब आणि एक टाइप करणारी बाई. अलीकडे तीन खुर्च्या. "बसा," मोठे साहेब म्हणाले. हे बसले. मी उभी राहिले. साहेब पुन्हा म्हणाले, "बसा मॅडम." सासूबाईही बसल्या नाहीत, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून.

साहेब फाइल चाळू लागले. यांची अनुक्रमणिका बघून त्यांनी कौतुकाने भुवया उंचावल्या. मग बोट ठेवून एकेक कागद वाचला. कंबर, कंबर, कंबर. "तुमचे डॉक्टर म्हणतात नऊ वर्षांपासून दुसरीकडेच दुखतंय. मग हे काय आहे?"

यांनी तोंड उघडलं, पण त्याआधी सासूबाई बोलल्या. "ते मी सांगितलं. तिनं नाय."

साहेबांनी वर बघितलं. "तुम्ही कोण, आजी?"

"सासू. तिनं मना खरं सांगितलं होतं. डाक्टरला मी कंबर सांगितलं. लाज वाटली मना. मंग समद्यांनी तेच लिवलं."

"पण आजी, आज तुम्ही असं म्हणताय. तेव्हा कंबर दुखत नव्हती याला आधार काय?" दुसरे साहेब म्हणाले. आवाज वाईट नव्हता. त्यांनाही रोज पन्नास माणसं खोटं सांगत असतील.

सासूबाईंनी त्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला. "कंबर दुखते तो मानूस बसतो. बसायला जागा शोधतो. माझी पन दुखते, मना ठावं हाय. ही नऊ वरसं बसली नाय. उभ्यानं जेवते, उभ्यानं पोरीची वेनी घालते, मेलेल्याच्या घरी जाते तर तटे पन उभी. माझ्या घरात राहते ती, मी आंधळी हाय का? आता पन बघा, तुमी दोनदा बसा म्हनलं." मग त्यांनी कुठे दुखतं ते सांगितलं. कंबर नाही, ओटीपोट नाही, त्यांच्या बोलीतला अगदी उघडा शब्द, मोठ्याने, दोन परक्या पुरुषांसमोर आणि स्वतःच्या मुलासमोर. तो शब्द मी इथे लिहीत नाही, यावरूनच समजा की त्या माझ्यापुढे किती गेल्या.

टाइप करणाऱ्या बाईचे हात थांबले होते. साहेबांनी तिला सांगितलं, "यांचा जबाब घ्या." तो इंग्रजीत झाला. सासूबाई म्हणाल्या, मना वाचून दाखवा. बाईने मराठीत सांगितला. "लाज वाटली ते लिवलं का?" त्यांनी विचारलं. लिहिलं नव्हतं. ते घालायला लावलं आणि मग चौथी पास अक्षरांत, एकेक अक्षर थांबून, सही केली.

विरारला उतरल्यावर त्या फक्त म्हणाल्या, "एसटीनंच जाऊ." सीट मिळाली तरी बसल्या नाहीत. मी म्हटलं, "आई, बसा हो, तुमची कंबर दुखेल." तर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले होते, आणि कंडक्टर सुट्टे पैसे मागत होता.

लगेच काही झालं नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे सात लागले. त्यात दोनदा वाटलं, सोडून द्यावं. चौथं पत्र आलं ते मला दोनदा वाचावं लागलं, कारण तेही पहिल्या तिन्हींसारखंच सभ्य होतं. पण मध्ये नकार नव्हता. यंत्र मंजूर झालं होतं, काही बारीकसारीक गोष्टी वगळून. त्या आम्ही भागवल्या.

यंत्र बसवलं त्याला तीन आठवडे झाल्यावर टाके बघायला गावातल्याच दवाखान्यात जायचं होतं. सासूबाई बरोबर आल्या. रीतच ती. म्हातारे डॉक्टर आता येत नव्हते, मुलगा बसत होता. त्याने नवा केसपेपर घेतला, पेन उचललं आणि सवयीने मोठ्या बाईकडे बघून विचारलं, "काय आजी, कुठे दुखत होतं सूनबाईंना?"

सासूबाईंचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्यांनी ते मिटलं.

"मना नको विचारू," त्या म्हणाल्या. "ती बसलेय ना तटे, तिला विचार."

मी बाकावर बसले होते. मी उठले नाही. बसूनच सांगितलं.